दीर्घ मानसिक आजार आणि माणसांची सोबत : मुंबईकर वारंवार विचारतात ते प्रश्न

आमचा स्वमदत गट दादर-परळ भागात भरतो. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि सभा संपल्यावर जिन्यात थांबून लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. जिन्यातले प्रश्न जास्त खरे असतात, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे. आजार असलेल्या माणसाला आम्ही शुभार्थी म्हणतो आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. पुढे हेच शब्द येतील. कोणती गोळी, किती डोस, हे इथे ठरणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

१. दीर्घ मानसिक आजार म्हणजे नेमके कोणते? माझ्या भावाला डिप्रेशन आहे, तो यात बसतो का?

स्किझोफ्रेनिया (भास, भ्रम, संशय), बायपोलर (कधी उन्माद म्हणजे अति तेजी, कधी नैराश्य), दोन्हींची लक्षणं असलेला स्किझोअफेक्टिव्ह, पुन्हा पुन्हा उलटणारं तीव्र नैराश्य, घराबाहेर पडू न देणारा ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा) हे आजार आमच्याकडे जास्त दिसतात. आम्ही नावापेक्षा दोन गोष्टी बघतो. आजार वर्षानुवर्षं चालला आहे का, आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी, मित्र, अंघोळ-जेवण यांतलं काही सुटलं आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर भावाला घेऊन या. बौद्धिक अक्षमता, म्हणजे पूर्वी जिला मतिमंदत्व म्हणत, ती वेगळी. तिचे कायदे आणि योजनाही वेगळ्या आहेत. या गफलतीमुळे लोकांचे किती हेलपाटे होतात, ते प्रश्न १० आणि १९ मध्ये आलं आहे.

२. गोळ्या नियमित चालू आहेत, आवाज ऐकू येणं थांबलंय. मग गट कशाला हवा?

आवाज थांबले, संशय गेला, पण मुलगा अजून पलंगावरच आहे, अशी तक्रार आमच्याकडे सर्वात जास्त येते. भास आणि भ्रम यांच्यावर औषधं चांगली चालतात. इच्छा न होणं, बोलणं आटणं, कशातच रस नसणं या लक्षणांवर त्यांचा परिणाम बराच कमी होतो. शिवाय आजार साधारणपणे ऐन विशी-पंचविशीत येतो. ज्या वयात मित्र जमतात, नोकरी लागते, तीच वर्षं वॉर्डात आणि घरात जातात. पुढे माणूस बरा होतो, पण फोनमध्ये फोन करावा असं एकही नाव उरलेलं नसतं. यावर गोळी नाही.

स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत एक चाचणी झाली. त्यांतल्या काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन मदत करत. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. वर्षभरानंतर नुसत्या दवाखान्याच्या उपचारांपेक्षा अशी मदत मिळालेल्यांची लक्षणं आणि अडचणी अधिक कमी झाल्या होत्या. फरक माफक होता, चमत्कार नव्हता. पण हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, हे लक्षात घ्या.

३. गटात नेमकं काय चालतं? समुपदेशन असतं का?

नाही. गोल बसायचं, नाव सांगायचं, आठवडा कसा गेला ते सांगायचं. नसेल सांगायचं तर “पास” म्हणायचं, पुढचा बोलतो. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. महिन्यातली एक बैठक फक्त शुभंकरांची असते, कारण मुलासमोर आई “मी थकले” म्हणत नाही.

चहा मात्र शुभार्थीच करतात. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला अर्धा कप, कोणाला आलं चालत नाही, हे ज्याची पाळी असेल त्याने लक्षात ठेवायचं. बायपोलरवरच्या लिथियम या औषधामुळे हात थरथरणारे एक काका ट्रेऐवजी एकेक कप दोन्ही हातांनी धरून आणतात आणि त्यात बराच वेळ जातो. कोणी मदतीला उठायचं नाही, असा अलिखित नियम आहे. बाहेरून आलेल्या माणसाला हे बघवत नाही. आमच्या मते सभेतला सर्वात उपयोगाचा वेळ तोच.

४. मुंबईत सुरुवात कुठून करायची? आम्हाला खाजगी परवडत नाही.

केईएम, नायर, सायन, कूपर आणि जे. जे. या सर्व रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवलंत की तेवढ्यावर परत फिरू नका. विभागातल्या सोशल वर्करना भेटायचं आहे, असं सांगा. गट, डे-केअर, काम शिकवणाऱ्या जागा यांची माहिती त्यांच्याकडे असते. केईएम, नायर आणि सायनला ऑक्युपेशनल थेरपीचे विभागही आहेत. लोक ते हात-पाय मोडलेल्यांसाठी समजतात. पण दिनक्रम बसवणं आणि कामाची सवय लावणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो.

ठाण्याच्या बाजूला राहत असाल तर डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. फोनवर बोलायचं असेल तर देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा आहे, आणि सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. पुण्यात नातेवाईक असतील तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम बघून या. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केलेली ही संस्था शुभंकरांसाठी बरंच काही करते.

पहिली सभा कुठली का असेना, तिथे पोचायला किती वेळ लागतो ते आधी बघा. विरारहून दादरला संध्याकाळी सहाच्या गर्दीत कोणी टिकत नाही, आजार असो वा नसो. दुपारच्या लोकलने येता येईल असाच गट निवडा.

५. तो यायला तयारच नाही. “मी वेडा नाही” म्हणतो. काय करावं?

जिन्यातला पहिल्या क्रमांकाचा प्रश्न. आधी हे पाहा की “गट” या शब्दालाच त्याचा नकार आहे का. बऱ्याचदा असतो. मग गटाचं नाव घेऊ नका. दुपारी चारला एका माणसाबरोबर चहा प्यायला चल, एवढंच म्हणा. आम्ही आमच्यातला एक शुभार्थी तुमच्या घराजवळच्या हॉटेलात पाठवतो. तो आजाराविषयी चकार शब्द काढत नाही. क्रिकेट, शेअर बाजार, जे निघेल ते.

फसवून आणू नका. “दातांच्या डॉक्टरकडे जाऊ” सांगून आणलेला मुलगा एकदा येतो, पुन्हा कधीच येत नाही, आणि पुढे खऱ्या दंतवैद्याकडेही जात नाही. आणल्यावर तो दाराशी बसला तर बसू द्या. महिनोन्‌महिने दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसून जाणारे आमच्याकडे आहेत. ते येतात, हे पुरेसं आहे.

कधी कधी नकारामागे अगदी साधं कारण असतं. गोळ्यांनी वजन वाढलंय आणि एकही शर्ट अंगाला बसत नाही. सकाळी झापड जात नाही. सार्वजनिक संडासाची लांबलचक रांग टळते म्हणून तो दुपारीच उठतो. विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. झापड किंवा वजनाचं असेल तर डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. आणि तो अजिबातच आला नाही, तर तुम्ही एकटे या. शुभंकराची बैठक त्यासाठीच आहे.

६. गट आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस काय?

खरी अडचण हीच. आमचा आग्रह एका गोष्टीचा असतो : घराबाहेरची एक जागा, रोज, ठरलेल्या वेळी. ती जागा आजारासाठी काढलेली नसली तर उत्तमच. वाचनालयातला वर्तमानपत्रांचा कोपरा घ्या. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे आणि मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक मराठी वस्तीत एखादं छोटं वाचनालय तग धरून आहे. तिथे कोणी कोणाला “काय करतोस?” विचारत नाही, पण रोजचा माणूस दोन दिवस दिसला नाही की ग्रंथपालाच्या लक्षात येतं. देऊळ, व्यायामशाळा, शिवाजी पार्कचा कट्टा, हास्यक्लब, काहीही चालेल. हास्यक्लबाची चळवळ १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवालातच सुरू झाली. काहींना ती फार आवडते, काहींना तिथे जाऊन रडू येतं. जबरदस्ती नको.

घरातलं एक काम त्याच्या नावावर करा, आणि ते खरं काम असू द्या. दूध आणणं, मीटर रीडिंग लिहून ठेवणं, आजीच्या गोळ्या मोजणं. चुकलं तर चुकू द्या, दूध पुन्हा आणता येतं.

न्यूयॉर्कमध्ये १९४८ मध्ये सुरू झालेल्या फाउंटन हाउसने ‘क्लबहाउस’ ही पद्धत रुजवली. रुग्ण तिथे सभासद असतो आणि स्वयंपाकापासून हिशेबापर्यंत सगळं सभासद आणि कर्मचारी मिळून चालवतात. आमची चहाची पाळी त्याचंच गरीब भावंड.

७. आम्ही पाच माणसं एका खोलीत. दिवसभर त्याच्या डोक्यावर आम्ही आणि आमच्या डोक्यावर तो. चिडचिड होणारच ना?

होणारच. यावर लंडनमध्ये बरंच संशोधन झालं. घरी परतलेल्या रुग्णावर सतत टीका होत असेल, राग काढला जात असेल किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी घेतली जात असेल, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवलं की अशा घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर गेला तर धोका आणखी वाढतो.

आता हे ३५ तास परळच्या खोलीत मोजून बघा. बीडीडी चाळीतलं घर १६० चौरस फुटांचं. तिथे ३५ तास दोन-तीन दिवसांत भरतात. त्या अभ्यासाचा उपयोग घरच्यांना दोष द्यायला करू नका. डॉक्टरही कधी कधी करतात, आणि आई बिचारी खाली मान घालून ऐकते. अर्थ एवढाच की दोघांनाही घराबाहेरचे तास हवेत. त्याला वाचनालय, तर आईला भजनी मंडळ. त्या वेळात घर रिकामं राहिलं तर राहू द्या.

चाळीत दार उघडं असतं आणि गॅलरीतला कोणी ना कोणी नजर ठेवून असतो. त्याचा जाच होतो, पण आधारही होतो. पुनर्विकासात ५०० चौरस फूट मिळतात, स्वतःचा संडास मिळतो आणि दार बंद होतं. टॉवरमध्ये गेल्यावर पहिल्याच वर्षात शुभार्थी पूर्ण आत गेला, अशा तक्रारी आम्हाला येऊ लागल्या आहेत. स्थलांतर ठरलं असेल तर नव्या ठिकाणची “रोजची जागा” आधीच शोधून ठेवा.

८. शेजारी आणि नातेवाईक विचारतात. काय सांगायचं?

आधी शुभार्थीला विचारा की काय सांगितलेलं चालेल. आजार त्याचा आहे. साधारणपणे तीन पातळ्या पुरतात. लांबच्यांना “तब्येत बरी नसते, औषधं चालू आहेत”. रोज दिसणाऱ्यांना “झोपेचा आणि मनाचा आजार आहे, कोणाला त्रास देत नाही, हाक मारली तर बरं वाटतं त्याला”. आणि एका भरवशाच्या घराला सगळं, आजाराचं नाव, डॉक्टरांचा नंबर, गडबड वाटली तर काय करायचं ते. ते एक घर रक्ताच्या नातेवाइकांचंच असायला हवं असं नाही. समोरच्या काकू बहुतेक वेळा जास्त कामाला येतात.

९. गणपती, लग्नं, उपास यांत त्याला सामील करावं की लांब ठेवावं?

सामील करा, झोप सांभाळून. बायपोलरमध्ये सलग दोन-तीन रात्रींचं जागरण उन्मादाला आमंत्रण ठरू शकतं, आणि मुंबईतला गणेशोत्सव म्हणजे जागरणच. मंडळात त्याला सकाळच्या आरतीची तयारी, हारांचा हिशेब, प्रसादाचं वाटप असं काम मागून घ्या. विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशांच्या मधोमध उभं राहायला नको. ज्यांच्या डोक्यात आधीच आवाज असतात, त्यांचं तिथे काय होतं ते त्यांनाच विचारा. त्याला मंडळाचा टी-शर्ट मिळाला पाहिजे, एवढं मात्र नक्की बघा.

उपासाचं वेगळं. लिथियम चालू असेल तर निर्जळी उपास, रोजा, ऑक्टोबरच्या उन्हातली लांब पदयात्रा यांत शरीरातलं पाणी कमी होऊन औषधाची पातळी धोकादायक वाढू शकते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ती वाढते. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं दिसलं तर पुढच्या डोसची वाट न पाहता डॉक्टर गाठा. उपास करायचाच असेल तर आधी विचारून करा.

१०. दिव्यांग प्रमाणपत्र काढावं का? शिक्का बसेल अशी भीती वाटते.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांत मानसिक आजार आहे. युडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा आणि नेमून दिलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात तपासणी करून घ्यायची. ‘आयडियाज’ मापनश्रेणीवर स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबी तपासतात. आजाराचा कालावधीही धरतात. ४० टक्के किंवा जास्त आलं तर बहुतेक लाभ लागू होतात.

फायदे सांगायचे तर, सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे त्यात मानसिक आजार येतो. जुन्या करपद्धतीत शुभंकराला कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते. अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर ती १,२५,००० होते. उत्पन्न फारच कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसीलदार कार्यालयात करा. मात्र बौद्धिक अक्षमतेसाठीच्या काही सवलती आणि नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची ‘निरामय’ विमा योजना मानसिक आजाराला मिळत नाही. रांग लावण्याआधी योजनेत कोणते प्रकार आहेत ते वाचा.

भीतीचं म्हणाल तर कार्ड खिशात असतं, कपाळावर नाही. पण तपासणीच्या दिवशी घरच्यांनी “याला काहीच जमत नाही” असं डॉक्टरांना सांगत बसायचं आणि तो शेजारी ऐकत बसायचा, हे वाईट असतं. आधी त्याच्याशी बोला, तिथे काय बोलावं लागेल ते सांगा.

११. नोकरी लागली आहे. कामावर सांगू का?

लगेच नाही. कामात जम बसेपर्यंत थांबा. मग गरज असेल तरच, आणि गरजेपुरतंच सांगा : “औषधामुळे सकाळची शिफ्ट जमत नाही, दुपारची द्याल का?” मालक कसा आहे ते तोपर्यंत कळलेलं असतं. सरकारी आस्थापनांना अपंगत्वावरून भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे. छोट्या दुकानात किंवा गाळ्यात मात्र माणूसच बघावा लागतो. पूर्ण वेळेपेक्षा अर्ध्या वेळेच्या कामावर टिकलेले आमच्याकडे जास्त आहेत.

१२. लग्न करून दिलं तर सुधारेल असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

नाही. लग्न हा उपचार नाही, आणि दुसऱ्याच्या मुलीला न सांगता शुभंकर बनवणं हा अन्याय आहे. आजार लपवून केलेली लग्नं कोर्टात जातात, आणि त्या धक्क्याने आजार उलटतो तो वेगळाच.

मात्र आजार असलेल्याने लग्न करूच नये, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच रामनारायण गुप्ता प्रकरणात म्हटलं आहे की स्किझोफ्रेनियाचं नुसतं निदान घटस्फोटाला पुरेसं नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते. दोघांना सगळं माहीत आहे, डॉक्टरांशी दोघं बोलले आहेत, मूल होण्याच्या काळातल्या औषधांचा विचार झाला आहे, असे संसार आम्ही पाहतो. दोन शुभार्थींनी एकमेकांशी केलेलेही. गटात जुळलं तर आम्ही नाक खुपसत नाही.

१३. बहिणीला एकटीला पाठवायला भीती वाटते, म्हणून ती घरीच असते.

म्हणूनच आमच्या सभांत मुलगे जास्त आणि मुली कमी दिसतात. मुलग्याला बाहेर पाठवतात आणि मुलीला घरकामाला जुंपून “ती बरी आहे” म्हणतात. सुरुवातीला सोबत या, बाहेर बाकावर बसा, मग स्टेशनपर्यंत, मग फोनवर. आजारातून सावरणाऱ्या स्त्रियांचं राहणं, काम आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘तराशा’ हा प्रकल्प खास काम करतो. त्याचीही चौकशी करा.

१४. त्याला दारूचंही व्यसन आहे. आधी काय?

दोन्ही बरोबर. एकाचं सुटेपर्यंत दुसऱ्याला थांबवलं तर दोन्ही बळावतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभा मुंबईभर होतात, मराठीतही. एक सावधगिरी बाळगा. एखादा अतिउत्साही जुना सभासद “गोळ्यासुद्धा नशाच” असं म्हणतो. ही एएची भूमिका नाही. त्यांच्या साहित्यातच सभासदांनी डॉक्टर बनू नये असं स्पष्ट आहे. तसं कोणी म्हटलं तर सभा बदला, गोळ्या बंद करू नका.

१५. सासरचे बाबाकडे नेतात. विरोध केला तर घर मोडेल.

दर्शनाला, अंगाऱ्याला विरोध करत बसू नका. शुभार्थीला बरं वाटत असेल तर जाऊ द्या. दोन गोष्टींवर मात्र तडजोड नाही : गोळ्या बंद करणं आणि मारणं-बांधणं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत. तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आशेने आणलेल्या मनोरुग्णांना ठेवत त्या जागेला, ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ जण पळूही शकले नाहीत, तिथेच गेले. घरच्यांना कायदा सांगून पटत नसेल, तर हे सांगून पाहा.

१६. गटात जाऊन आल्यावर त्याला जास्तच त्रास झाला. बंद करू का?

एखाद्या दिवशी असं होतं. दुसऱ्याची मरणाची भाषा ऐकून झोप उडते, किंवा बायपोलरच्या तेजीत असलेला एखादा सगळी सभा ताब्यात घेतो. गट चालवणाऱ्याला सांगा. चांगला गट असेल तर त्या माणसाला बाजूला घेऊन बोलतील. पण आजार पेटलेला असताना, म्हणजे संशय किंवा उन्माद जोरात असताना, गट नको. तेव्हा एकच ओळखीचं माणूस, शांत खोली आणि डॉक्टर पुरे. आणि गटाचा म्होरक्या औषधं थांबवायला सांगत असेल, पैसे गोळा करत असेल किंवा घरच्यांपासून तोडत असेल, तर मागे वळून न बघता निघा.

१७. आजार पुन्हा उचल खातोय असं वाटलं तर? अ‍ॅडमिट करण्याची जबरदस्ती करता येते का?

बरा असतानाच कागद करून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो : कोणता उपचार हवा, कोणता नको. उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूने उभा राहणारा नामनिर्देशित प्रतिनिधीही नेमता येतो. तो आईवडीलच असला पाहिजे असं बंधन नाही, मित्र चालतो. आम्ही जोडीला साधं पान भरून घेतो. माझी पहिली खूण कोणती (झोप कमी, फोन बंद, तीच साडी रोज), ती कोणी ओळखायची, मग कोणाला फोन, कोणत्या रुग्णालयात.

मर्जीविरुद्ध दाखल करणं शक्य आहे, पण अटी कडक आहेत. स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा होण्याचा धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमता गेलेली असणं, प्रतिनिधीचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, आणि सुरुवातीला कमाल ३० दिवस. “त्रास देतो” एवढं कारण पुरत नाही.

जीव देण्याची भाषा असेल तर हे पान वाचत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, १४४१६ लावा, तातडी असेल तर ११२ किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. पोलीस केस होईल म्हणून उशीर करू नका. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा करत नाहीत.

१८. सोसायटीने “याला इथून हलवा” म्हणून पत्र दिलंय. घाबरावं का?

घाबरू नका, पण पत्र फेकूनही देऊ नका. लेखी उत्तर द्या. आजार आहे म्हणून कोणाला त्याच्या घरातून काढता येत नाही. समाजात राहण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. सभासदाला काढायचं तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३५ खाली सर्वसाधारण सभेत तीन-चतुर्थांश बहुमत आणि वर निबंधकांची मंजुरी लागते. २०१७ च्या कायद्याखाली मोफत विधी साहाय्यही मिळतं.

हे झालं कागदाचं. रात्री दोनला तो खरंच ओरडत असेल तर शेजाऱ्यांनाही सकाळी कामावर जायचं असतं. सेक्रेटरीला घरी चहाला बोलवा, उपचार चालू आहेत ते सांगा, ओरडणं वाढलं तर कोणाला फोन करायचा तो नंबर द्या. आमच्या अनुभवात निम्मी पत्रं इथेच विरतात.

कायद्याचं दुसरं टोकही आहे. घरच्यांनीच टाकलं असेल तर त्या व्यक्तीला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क मिळवून द्यायला सरकारने मदत करायची, असं तेच कलम १९ सांगतं. आणि घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्या कारणावरून कोणाला मनोरुग्णालयात ठेवून देता येत नाही. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. बरे होऊनही न्यायला कोणी न आल्यामुळे तिथेच राहिलेल्यांची गोष्ट तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. तुमचं माणूस तिथे असेल तर डिस्चार्जच्या आधी सोशल वर्करबरोबर बसून घर, औषधं, गट यांची आखणी करून घ्या.

१९. आमच्यानंतर त्याचं कोण?

हा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली आणतात. उत्तर एका कागदाने होत नाही.

नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली पालक नेमता येतो असं ऐकून अनेक जण अर्ज घेऊन येतात. १९९९ चा तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. मानसिक आजार त्यात नाही. त्याऐवजी मृत्युपत्र करा. पैसा किंवा जागा मोठी असेल तर १८८२ च्या कायद्याखाली खाजगी ट्रस्ट करून भाऊबहिणींच्या जोडीला बाहेरचा एक विश्वस्त घ्या. वडील सरकारी किंवा रेल्वेच्या नोकरीतले असतील तर पोट भरण्याइतकं कमवू न शकणाऱ्या मनोविकलांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव वडिलांच्या हयातीतच कार्यालयाकडे नोंदवून घ्या. मागाहून भावंडांना फार पायपीट पडते.

एक फाइल करा. आधार, रेशन कार्ड, युडीआयडी, शेवटचं प्रिस्क्रिप्शन, बँक पासबुक, आणि एक पान तुमच्या हाताने लिहिलेलं : त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, चिडला की काय केल्याने शांत होतो. आणि हयात असतानाच त्याला चार दिवस तुमच्याशिवाय राहू द्या, मावशीकडे, मित्राकडे, किंवा तो घरी आणि तुम्ही गावी. तुमच्या माघारी पहिल्यांदा सगळं शिकायला लागू नये.

२०. स्टेशनबाहेर एक आजारी माणूस रोज दिसतो. आम्ही काय करू शकतो?

पोलिसांना कळवा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं काम आहे. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो. रस्त्यावरच्या लोकांना उपचार देऊन घरी पोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन कर्जतहून करते. त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फोटो काढून व्हायरल करू नका. खायला द्या, नाव विचारा, गावाचं नाव विचारा. गावाचं नाव बहुधा आठवत असतं.

२१. मी स्वतः शुभार्थी आहे. माझ्याबरोबर येणारं कोणी नाही. चालेल?

चालेल. शुभंकराशिवाय येणारे बरेच आहेत. दार उघडं असेल, आत या, हवं तर “पास” म्हणा. चहात साखर किती, तेवढं सांगा.